एक हार्ड डिस्क, चार संगणक: केबल जोडण्याआधीची तयारी

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या चादरीच्या कारखान्यात कचेरीचे चार संगणक आहेत, आणि जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनपासून मालाच्या बिलांपर्यंत सर्वांना एकच बाह्य हार्ड डिस्क वापरायची असते. त्यामुळे ती कोणत्या संगणकाला कायम जोडलेली राहणार, हे सर्वांत आधी ठरवावे. दोन संगणक एकाच वेळी थेट तिच्यावर लिहू लागले, तर फाइलींची नोंद बिघडते. म्हणून एकानेच डिस्क सांभाळावी आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून तिच्यापर्यंत पोहोचावे.

डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, म्हणजे फॉरमॅट, एफएटी३२ असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर ठेवता येत नाही. एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये ती अडचण नाही, परंतु कोणती फाइल कोणी उघडावी याच्या फाइलनिहाय परवानग्याही नाहीत, त्यामुळे विंडोजच्या कचेरीला एनटीएफएस हा फॉरमॅट अधिक योग्य. फॉरमॅट बदलल्यास जुना मजकूर जातो, म्हणून त्याची प्रत आधीच दुसरीकडे काढून ठेवावी.

खरे लक्ष द्यावे ते ड्रायव्हरच्या सेटिंगकडे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) डिस्कच्या प्रॉपर्टीजमधील ‘पॉलिसीज’ या पानावर ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’ असे दोन पर्याय दिसतात; दुसऱ्यात विंडोज काही मजकूर डिस्कवर उतरण्याआधी मेमरीत धरून ठेवते. वेगाच्या मोहापायी मी एकदा तो निवडला, भर उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि नव्या चादरीच्या काठाचे डिझाइन अर्धवट राहिले. यूपीएस नसेल, तर पहिलाच पर्याय ठेवावा, मग कॉपी होण्यास दोन मिनिटे जास्त लागली तरी चालेल. त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (संगणकातील यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या भागाच्या) ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढावी, आणि डिस्क सांभाळणारा संगणक स्लीपमध्ये जाणार नाही, हेही पाहावे. अन्यथा बिले करणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीनंतर ड्राइव्ह सापडत नाही.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला ‘एस’सारखे शेवटाकडचे अक्षर नेमून द्यावे, कारण मध्येच पेन ड्राइव्ह लागून अक्षर बदलले की शेअर, म्हणजे बाकीच्यांना नेटवर्कवरून दिलेली डिस्कची वाट, तुटतो. या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) राउटरवर राखून ठेवावा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवावे आणि प्रत्येकासाठी पासवर्डसह स्वतंत्र खाते उघडावे. शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची परवानगी यांपैकी जी कडक ती लागू होते. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ (प्रवेश नाकारला) असे दिसले की दोन्ही तपासावीत.

यूएसबी पोर्टात कापसाची तूस साचलेली असते. संगणक बंद करून ती मऊ ब्रशने काढावी, मगच केबल लावावी. शेवटी डिझाइनच्या संगणकावरून एक मोठी फाइल पाठवावी, डिस्क सांभाळणारा संगणक रीस्टार्ट करावा आणि तीच फाइल बिलांच्या संगणकावर उघडून पाहावी.