लिंबावरची खवले कीड: आधी नख लावून बघा

लिंबाच्या फांदीवरच्या तपकिरी टिकल्या आधी सालीच्याच वाटतात. नखाने उचकटल्यावर खाली ओल लागली तर कीड जिवंत, कोरडा भुगा निघाला तर मेलेली. या टिकल्यांसोबत पानं चिकट, काळी आणि खोडावर मुंग्यांची रांग, म्हणजे चिकट गोड रस सोडणारी मऊ खवले कीडच.

गच्च भरलेल्या काड्या छाटून जाळल्या, जाड फांद्या जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासल्या. मग १ लिटर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल. ते आधी २ मिली पातळ साबणात घोटायचं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. फवारा पानांच्या खालून, १० दिवसांच्या अंतराने ३ वेळा. कारण मरतात ती मुख्यतः नुकती निघालेली पिल्लं, कवचाखाली तेल कमीच पोचतं. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात तर तेल मारूच नका. खोडाला कागद गुंडाळून वर ग्रीस लावलं. गोड रसासाठी मुंग्या या किडीची राखण करतात; त्या अडल्या की ढालकिडे (कीड खाणारे लेडीबर्ड भुंगे) कामाला लागतात.