ऋण सोडणे म्हणजे काय: ख्रिस्ती क्षमा समजून घेताना या चुका टाळा

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' प्रभूच्या प्रार्थनेतील ही ओळ अनेक मराठी ख्रिस्ती घरांत लहानपणापासून पाठ असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१२) मूळ ग्रीक शब्दही ऋण याच अर्थाचा आहे, आणि क्षमेसाठी तेथे आलेल्या क्रियापदाचा साधा अर्थ सोडून देणे, मोकळे करणे असा होतो. आपल्या 'क्षमा' या संस्कृत शब्दात मात्र सोसण्याचा भाव मुरलेला आहे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सोसणे थोर आहे, परंतु ऋण सोडणे ही वेगळी कृती आहे. बायबलच्या अभ्यासवर्गांत क्षमेविषयी जे गोंधळ मला पुन्हापुन्हा आढळले, त्यांतील बहुतेकांचे मूळ हा फरक निसटण्यात आहे.

अपराध लहान करून दाखवणे

'जाऊ दे, एवढे काय त्यात' असे म्हणून विषय मिटवला, की क्षमा झाली असे आपण धरून चालतो. पण जे ऋण वहीत मांडलेच नाही, ते सोडणार तरी कसे? मत्तयाच्याच शुभवर्तमानात शिष्य पेत्र प्रभू येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का? आणि उत्तर येते, सातांच्या सत्तर वेळा. हे उत्तर सर्वांना ठाऊक असते; त्याच अठराव्या अध्यायात थोडे आधी, पंधराव्या वचनात, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, असे सांगितले आहे, हे मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवते. पुढच्या दृष्टान्तातील आकडेही नीट पाहावेत. राजाने दासाला दहा हजार तालांत सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. त्याच दासाला सोबत्याकडून शंभर दीनार येणे होते, पण ते त्याने सोडले नाहीत. राजाच्या ऋणापुढे ही रक्कम नगण्य आहे, तरी गरिबाच्या घरात शंभर दिवसांची मजुरी ही खरी रक्कम असते, आणि दृष्टान्त ती शून्य आहे असे कोठेही म्हणत नाही. तुम्हांला झालेली इजाही तशीच खरी असते.

क्षमा म्हणजे समेट असे समजणे

ही चूक सर्वांत जास्त हानी करते. नवरा मारहाण करतो, बायको माहेरी येते, आणि चर्चच्या मंडळीतील वडीलधारी माणसे 'सातांच्या सत्तर वेळा' हे वचन तिच्यापुढे ठेवून तिला त्याच घरात परत पाठवतात. पवित्र शास्त्राचा हा वापर चुकीचा आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. मार्क ११:२५ मध्ये प्रार्थनेस उभे राहताना मनातून क्षमा करण्यास सांगितले आहे. तेथे समोरच्याने काही करण्याची अट नाही, कारण ही कृती देवापुढे एकट्याने करायची आहे. लूक १७:३ मध्ये मात्र दोष दाखवणे, पश्चात्ताप आणि मग क्षमा असा क्रम आहे, कारण तेथे तुटलेले नाते पुन्हा जोडण्याचा विषय आहे. पहिल्या क्षमेला एक माणूस पुरतो, समेटाला दोघे लागतात, आणि दुसरा बदललेला नसेल तर दार बंद ठेवणे, पोलिसांकडे किंवा घरगुती हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही.

हीच गोष्ट कायद्याच्या शिक्षेला लागू पडते. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली अग्जाला त्यांनी चार दिवसांनी रुग्णालयातूनच क्षमा जाहीर केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरीही इटलीने त्याला माफी दिली ती २००० साली. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, खटला आपल्या मार्गाने चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. सूड घेण्याचा हक्क सोडणे हे व्यक्तीच्या हाती असते, समाजाचे रक्षण करणे हे राज्याचे काम असते, आणि रोमकरांस पत्राचे बारावे आणि तेरावे अध्याय एकापाठोपाठ वाचले तर हा भेद आपोआप दिसतो.

'प्रायश्चित्त' हा शब्द

मराठीत प्रायश्चित्त घेतो तो अपराधी. परंतु योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) 'तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असे ख्रिस्ताविषयी म्हटले आहे, आणि तेथे ऋणाचा भार अपराध्याने नव्हे, तर देवाने स्वतः उचललेला आहे. हे लक्षात न आल्यामुळे उपवास, नवस, दानधर्म यांनी क्षमा मिळवता येते असा समज टिकून राहतो. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले ते येशू त्याच्या घरी आल्यानंतर; ती भरपाई कृपेची किंमत नव्हती, तिचे फळ होते. 'तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही' हे वचनही याच प्रकाशात वाचावे. तो सौदा नाही, कारण दृष्टान्तात राजा आधी सोडतो.

क्षमा केली, तरी राग परत येतो

यात तुमची क्षमा खोटी ठरत नाही. आठवण पुसणे आपल्या हाती नसते. वसुलीला पुन्हा न जाणे हाती असते. राग आला की तेच ऋण, त्याच आकड्यासह, पुन्हा एकदा देवापुढे सोडावे. मोठ्या जखमेबाबत हे वर्षानुवर्षे करावे लागते.

उलट बाजूची, म्हणजे क्षमा मिळालेल्याची, अडचण बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. 'ज्याला तुम्ही मिसर देशात विकले, तोच मी तुमचा भाऊ योसेफ' असे सांगताना योसेफ अपराध नावाने उच्चारतो, भावांना जवळ घेतो आणि धान्य व जमीन देतो. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सतरा वर्षे राहून बाप याकोब मरण पावतो, आणि आता योसेफ सूड घेईल या भीतीने भाऊ निरोप पाठवतात, की बापाने सांगितल्याप्रमाणे आमच्या अपराधाची क्षमा कर. इतकी वर्षे ते त्याच्याच अन्नावर जगले होते, तरी क्षमेवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. तो निरोप ऐकून योसेफ रडला, आणि त्यांची मुलेबाळे आपण पोसू असे त्याने त्यांना पुन्हा सांगितले.