शिष्यवृत्तीवर इंग्लंडात आलात, आता वरचे चार पौंड कमवायचे तर

शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडात येणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. बीड असो, नांदेड असो की हिंगोली, फोनवर आधी हेच येतं: "ताई, तिकडं काम मिळतं का?" मिळतं. पण कोणतं काम करायची आणि किती करायची तुम्हाला मुभा आहे, हे आधी विचारा. कर्ज काढून आलेल्या पोराला व्हिसाचं एकच बंधन असतं. तुम्हाला दोन आहेत, व्हिसाचं आणि शिष्यवृत्तीचं. त्यामुळं शेजारच्या खोलीतला पोरगा जे बिनधास्त करतो ते तुम्हाला चालेलच असं नाही.

शिष्यवृत्तीचं आधी बघू, कारण ते कुणीच वाचत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप असेल, तर ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे, म्हणजे महिन्याला ८२५. त्याच योजनेच्या नियमांत वरच्या कमाईचंही कलम आहे. रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठात संशोधनात किंवा शिकवण्यात मदत करायचं पगारी काम, करून वर्षाला १,५६० पौंडांपर्यंत कमवता येतात. त्यापुढं जेवढे कमवाल तेवढा भत्ता कापला जातो. आता हिशोब करा. एप्रिल २०२६ पासून एकवीस वर्षांपुढच्यांचा किमान दर तासाला १२.७१ पौंड आहे. त्या दरानं १,५६० पौंड व्हायला १२३ ताससुद्धा लागत नाहीत. आठवड्याला वीस तास धरले तर सहा आठवडे आणि थोडं. त्यानंतरची राबणूक म्हणजे फुकटची हमाली, एका हातानं आलेलं दुसऱ्या हातानं जाणार.

आणि नियमात शब्द असिस्टंटशिप असा आहे. दुकानात गल्ल्यावर उभं राहणं म्हणजे असिस्टंटशिप नव्हे. असं काम धरायचं असेल तर आधी लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. फोनवर कुणी "हो, चालतं" म्हणालं तर ते धरून चालू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की दुसरी एखादी, प्रत्येकीचा शासन निर्णय वेगळा आणि करारनामाही वेगळा. एका योजनेचा नियम दुसरीला लावून मोकळं होऊ नका. शिष्यवृत्तीच्या बाँडवर, म्हणजे हमीपत्रावर, मामानं, काकानं जामीनदार म्हणून सह्या केल्यात हे डोक्यात असू द्या. इथं काही वाकडं झालं तर वसुलीची नोटीस गावातल्या घरी जाते.

भत्ता वेळेवर येईल असं धरून निघू नका. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत इथलं भाडं थांबत नाही. निदान तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघेल एवढी सोय करून या. पहिल्या महिन्यात काम लागेल आणि त्यावर भागेल, या भरवशावर तर मुळीच येऊ नका. फारच अडचण झाली तर विद्यापीठाच्या स्टुडंट सपोर्टकडं जा. काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठीही तातडीची मदत असते, ती मागण्यात कमीपणा नाही.

आता व्हिसा. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. मागच्या आठवड्यात दहा केले म्हणून या आठवड्यात तीस, असली सरासरी चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास मिळून वीस. सुट्टीत पूर्णवेळ करता येतं, पण खरी गोम इथंच आहे. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा ही सुट्टी नसते. जून ते सप्टेंबर तुम्ही प्रबंध लिहीत असता आणि तो काळ सत्रातच धरला जातो. सोबत राहणारा मित्र बीएचा असेल, त्याला सुट्टी लागली म्हणून तो चाळीस तास करेल. तुम्ही त्याच्या मागं जाऊ नका.

लेस्टर शहराच्या आसपास गोदामं भरपूर आहेत आणि एजन्सीवाले नव्या पोरांना लगेच घेतात. तिथली पाळी बऱ्याचदा बारा तासांची, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. मधली बिनपगारी अर्धा तासाची सुट्टी वजा केली तरी साडेअकरा भरतात. दोन पाळ्या केल्या की तेवीस, म्हणजे मर्यादा ओलांडली. एजन्सीचा माणूस शुक्रवारी मेसेज टाकतो, "आणखी एक शिफ्ट आहे, ये." त्याला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नसतं, नाही म्हणायची जबाबदारी तुमची. रविवारी रात्रीची पाळी धरली तर मध्यरात्रीनंतरचे तास पुढच्या आठवड्यात पडतात, हेही वहीत मांडा. मी तर म्हणते वर्षभराच्या मास्टर्सला वीस तासही जास्तच होतात. आठ-दहा ठीक. रात्रभर खोकी उचलून सकाळी नऊच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवणं कुणालाच जमत नाही, आणि तुम्ही इथं खोकी उचलायला आलेले नाहीत.

स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. यात आपली पोरं सगळ्यात जास्त फसतात, कारण त्यांना तो धंदा वाटतच नाही. उबर ईट्स किंवा डिलिव्हरूवर सायकलनं जेवण पोचवणारा कायद्यानं स्वयंरोजगारी असतो, म्हणून ते बंद. दुसऱ्याचं खातं भाड्यानं घेऊन तेच करणं तर त्याहून वाईट. घरी डबे करून विकणं, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणं, यूट्यूबचे पैसे, शिकवण्या, सगळं यातच येतं. लातूरच्या एखाद्या अ‍ॅकॅडमीसाठी इथून रात्री नीटचं फिजिक्स ऑनलाइन शिकवलं, पैसे भारतातल्या खात्यात आले, मग इथल्यांना काय करायचंय, असं वाटतं ना? तुम्ही बसलात इंग्लंडात, तर काम इंग्लंडात झालं. नोकरी म्हणून असेल तर ते वीस तासांत मोजलं जातं, आणि लेक्चरप्रमाणे मानधन घेत असाल तर तो स्वयंरोजगारच.

मग उरतं रोख पैशावरचं काम. दुकानदार आपल्याच देशाचा असतो, गोड बोलतो, वर दुकानाच्या माडीवर खोली देतो आणि पहिल्याच दिवशी दोनशे पौंड हातावर ठेवतो. ही ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आहे, आधी पैसे देऊन बांधून घेणं, एवढं बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तासाला सहा-सात पौंड मिळतात, पगाराची पावती नसते आणि तक्रार केली तर खोलीही जाते. मी सुरुवातीला जिथं काम केलं तिथं शेवटचे दोन आठवडे बुडवले ते बुडवलेच. पावतीच नव्हती, मागणार कशाच्या जोरावर?

त्यापेक्षा विद्यापीठातच काम शोधा. ग्रंथालयात पुस्तकं रॅकवर लावणं, ओपन डेला नव्या विद्यार्थ्यांना कॅम्पस दाखवणं, परीक्षेत पर्यवेक्षण, अपंग विद्यार्थ्यांसाठी लेक्चरच्या नोट्स घेणं. जागा थोड्या असतात आणि सप्टेंबरमध्येच भरतात, म्हणून येण्याआधीच विद्यापीठाच्या जॉब्ज पोर्टलवर डोळा ठेवा. कॅम्पस दाखवायचं काम आपल्या पोरांना नको वाटतं, इंग्रजी बोलावं लागतं म्हणून. मी तेच आधी घ्यायला सांगते. दोन महिन्यांत तोंड उघडतं, आणि ते सेमिनारमध्येही कामाला येतं. शिवाय तुमच्या तासांची मर्यादा विद्यापीठाला माहीत असते, परीक्षेच्या आठवड्यात कुणी जबरदस्ती करत नाही. असिस्टंटशिप मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिला शिष्यवृत्तीच्या नियमातही जागा आहे.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. व्हिसा आता ऑनलाइन असतो, मालकाला तो बघता यावा म्हणून शेअर कोड काढून द्यायचा. नॅशनल इन्शुरन्स म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी; तिचा नंबर सरकारी संकेतस्थळावरून फुकट मिळतो, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं.

कर कापलेला बघून घाबरू नका. शिष्यवृत्तीवर इथं कर नाही. पगारातले वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त आहेत आणि वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं चालतं. वीस तास केले तर आठवड्याला २५४ पौंड होतात. नॅशनल इन्शुरन्सची रेषा २४२ ला आहे, तिच्या वरच्या रकमेवर ८ टक्के, म्हणजे पौंडभरसुद्धा जात नाही. पण दुसरं काम धरलं की तिथं बहुधा बीआर (बेसिक रेट) हा कर-कोड लागतो आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. ते परत मिळतात, मात्र मागावे लागतात. कामाला लागताना स्टार्टर चेकलिस्ट नावाचा जो फॉर्म देतात तो नीट भरा. काम सोडताना पी४५, म्हणजे मिळालेला पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, घ्या. साचलेल्या रजेचा पगारही मागा. तास ठरलेले नसले तरी रजा साचते, आणि बरेच मालक आपणहून बोलत नाहीत. परताव्याचा अर्ज इथलं बँक खातं बंद करायच्या आधी करा. पोरं खातं बंद करून घरी जातात आणि मग चेक जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर येतो.