सांगलीचा हुकूमनामा, हुबळीत वसुली

बेदाण्याच्या पैशांचा दावा सांगलीच्या दिवाणी कोर्टात जिंकलो, तोवर व्यापारी गाशा गुंडाळून हुबळीला गेला होता. अशा वेळी तिकडे नवा दावा लावावा लागत नाही. पुष्कळ शेतकरी हे माहीत नसल्याने हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९(४) प्रमाणे निकाल देणाऱ्या कोर्टाला हद्दीबाहेर जप्ती करता येत नाही. म्हणून सांगलीतच हुकूमनामा (निकालानुसारचा कोर्टाचा लेखी आदेश) हुबळीच्या कोर्टाकडे वर्ग करण्याचा अर्ज दिला. हुकूमनाम्याची नक्कल आणि वसुली बाकी असल्याचा दाखला कोर्ट थेट तिकडे पाठवतं. दाखल्यातली बाकी रक्कम व्याजासकट तपासून घ्या. आमचा निकाल मराठीत, त्यामुळे इंग्रजी भाषांतरही जोडलं.

कागद पोचले म्हणजे काम सुरू होत नाही. तिथल्या वकिलामार्फत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावीच लागते. आदेश २१, नियम ४१ खाली व्यापाऱ्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागितलं, त्यात बँक खातं निघालं. खात्यावर जप्ती येताच तो हप्त्यांवर आला. हप्ते मी कोर्टातच भरून घेतले. दरखास्तीला हुकूमनाम्यापासून १२ वर्षं मुदत असते.