बारावा भाग कुणी बघितला होता?

गेल्या महिन्याभरात तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. एम.ए.च्या प्रबंधिकेला एका मालिकेला मिळालेला समीक्षकांचा प्रतिसाद असा विषय घेतलाय, सुरुवात कुठून करू? तिघींना फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. माझा विषय होता ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’. नेटफ्लिक्स, जुलै २०१३ ते जुलै २०१९, सात सीझन, ९१ भाग, लिचफील्ड नावाचं काल्पनिक महिला कारागृह. मालिका तुम्ही बघितलेली असणार, तेव्हा कथा सांगत बसत नाही. बघितली नसेल तर पुढे चौथ्या सीझनचा शेवट फुटणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

आधी माझा मूर्खपणा सांगते. मी शंभरेक समीक्षा गोळा केल्या, एक्सेलमध्ये सीझनवार लावल्या आणि रंगवायला घेतल्या. कौतुक असेल तर ओळ हिरवी, नावं ठेवली असतील तर लाल, धड इकडे ना तिकडे असेल तर पिवळी. डोंबिवलीहून गाडीत बसायला जागा मिळाली की फोनवर हाच उद्योग. चौथ्या सीझनचा पट्टा हिरवागार झाला. मी खूश. पूसे म्हणजे त्या तुरुंगातली एक तरुण कैदी. झोकात वाक्य लिहिलं: ‘पूसे वॉशिंग्टनच्या मृत्यूच्या धाडसी चित्रणामुळे समीक्षकांनी चौथा सीझन उचलून धरला.’

माझ्या गाइड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि माझ्याच तक्त्यातल्या एका हिरव्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही कधीची?”

“चौदा जून, मॅडम. २०१६.”

“आणि सीझन कधी आला?”

“सतरा जून.”

“मग या बाईंनी बारावा भाग बघितला होता का गं?”

मला माहीत नव्हतं. घरी येऊन समीक्षा पुन्हा उघडली. अगदी तळाशी, तिरप्या बारीक अक्षरात, सुरुवातीचे काही भाग बघून हे लिहिलंय अशी ओळ होती. मी तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते. पूसे मरते तेरापैकी बाराव्या भागात. म्हणजे जी समीक्षा मी तिच्या मृत्यूचं कौतुक म्हणून हिरवी केली होती, ती लिहिणारीच्या लेखी पूसे अजून जिवंत होती. तशा ओळी एकदोन नव्हत्या. प्रबंधिकेचं तिसरं प्रकरण कोसळलं.

आता हे जरा पाल्हाळ लावूनच सांगते, कारण सगळे इथेच पडतात. मालिकेवरचं लेखन ही एक जात नसतेच. एक असते प्रदर्शनाआधीची समीक्षा. वाहिनी किंवा कंपनी काही भाग आधी पाठवते, सोबत अटी असतात: अमुक वेळेआधी छापायचं नाही, अमुक गोष्ट फोडायची नाही. दुसरं असतं भागागणिक लिहिलेलं टिपण. आणि तिसरा असतो सीझन पूर्ण बघून, कधी कधी चिडून, लिहिलेला लेख. आठवड्याला एक भाग येणाऱ्या मालिकेत हे तिन्ही प्रकार आपोआप वेगळे पडतात. नेटफ्लिक्सनं मात्र अख्खा सीझन एका दिवसात ओतला. त्यामुळे पहिल्या शनिवार-रविवारी एकानं तेराही संपवलेत, दुसरा चौथ्यावर आहे, आणि दोघंही ‘सीझन ४’ याच शीर्षकाखाली लिहितायत. तुमच्या तक्त्यात दोघं शेजारी बसतात आणि तुम्ही दोघांना एकच रंग देता.

म्हणून रंग नंतर. आधी दोन रकाने: लिहिल्याची तारीख आणि किती भाग बघून लिहिलं. दुसरं बहुतेकदा सांगितलेलं नसतं. मग समीक्षेत आलेला सगळ्यात उशिराचा प्रसंग कोणता ते बघा आणि तो कुठल्या भागातला हे शोधा. निदान तिथवर बघितलं होतं एवढं नक्की होतं. पानावरची तारीख हीही भानगड असते. पुष्कळदा ती ‘सुधारित’ तारीख असते. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळाली तर तीच धरा. आणि तारीख आधीची म्हणजे लिहिणारा कंपनीनं भाग पाठवलेला समीक्षकच, असंही धरू नका. एप्रिल २०१७ मध्ये हॅकरनं पाचव्या सीझनचे पहिले दहा भाग फोडले होते, सीझन यायचा होता ९ जूनला. मधल्या काळात इंटरनेटवरच्या चर्चेच्या मंचांवर बरंच काही लिहिलं गेलं.

हे रकाने भरायला मला पाच आठवडे लागले. रडले, हो. पण खरा प्रबंध त्या पाच आठवड्यांतच सापडला, तेव्हा तुम्हीही रडून घ्या आणि भरा.

कारण तारखा लावल्यावर चौथ्या सीझनचा पट्टा मधोमध फाटला. १७ जूनच्या आधी बहुतेक हिरवं. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र दोन तऱ्हा. काही मोठ्या नियतकालिकांनी तो मृत्यू कसा मांडला यासाठी मालिकेची पाठ थोपटली. शांतपणे चाललेल्या निषेधात एक तरुण रक्षक पूसेला गुडघ्याखाली दाबून धरतो आणि तिचा श्वास कोंडतो. ते बघताना २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या हातून गेलेल्या एरिक गार्नरची आठवण कित्येकांनी काढली. दुसरीकडे कृष्णवर्णीय स्त्रियांनी लिहिलेले लेख होते. त्यांचं म्हणणं, मालिकेतल्या सगळ्यात लोभस काळ्या मुलीला मारून गोऱ्या प्रेक्षकाला धडा दिला, आणि मारणाऱ्या पोराला बिचारा ठरवायला वर वेळही दिला. मालिका लिहिणाऱ्यांत काळं कोण होतं, असा थेट सवाल त्यांनी केला. शिवाय पूसे लेस्बियन. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘द हंड्रेड’ या मालिकेत लेक्सा या समलिंगी पात्राला मारलं होतं, आणि ‘समलिंगी पात्रं नेहमी मरतातच का’ हा वाद पेटलेलाच होता. हे संदर्भ माहीत नसतील तर ते लेख तुम्हाला नुसते ‘चिडलेले’ वाटतील. मला वाटले होते. मी त्यांतल्या दोन लेखांना चक्क पिवळा रंग दिला होता.

ही फट एकदा दिसली की ती पहिल्या सीझनपासून होती हे लक्षात येतं. मालिकेची कर्ती जेंजी कोहान २०१३ मध्येच रेडिओवरच्या एका मुलाखतीत म्हणाली होती की गोरी, मध्यमवर्गीय नायिका पायपर हा आपला ट्रोजन हॉर्स आहे. काळ्या, लॅटिना, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी वाहिन्यांना थेट विकता येत नाहीत, पायपरच्या आडून त्या आत नेता येतात. बऱ्याच समीक्षकांनी हे चातुर्य म्हणून उचललं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘द नेशन’मध्ये ऑरा बोगादोनं नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं: गोऱ्या नसलेल्या बायकांच्या कहाण्यांना गोऱ्या बाईची हमी लागते ही खोड जुनीच आहे. एकच घोडा, एकीला युक्ती, दुसरीला अपमान. माझं अख्खं दुसरं प्रकरण यावर उभं राहिलं.

आता आकड्यांबद्दल. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर नव्वद टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. इतक्या समीक्षकांना एकंदरीत बरं वाटलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘ठीकठाक आहे’ म्हणणारा आणि लोटांगण घालणारा तिथे सारखेच मोजले जातात. हे तुम्हाला माहीत आहे, मला ठाऊक आहे. तरी तुम्ही तो आकडा प्रस्तावनेत टाकणार. टाकू नका. हल्ली समीक्षांचा सारांश यंत्राकडून काढून घेणाराही एक पंथ निघालाय. खुशाल काढा, पण तळातली तिरपी ओळ सारांशात येत नाही एवढं लक्षात ठेवा.

पुरस्कारांतही असाच एक खड्डा आहे, पण तो मजेशीर आहे. २०१४ च्या एमीला, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या पुरस्कारांना, ही मालिका विनोदी गटात होती. पुढच्या वर्षी नियम बदलला, अर्ध्या तासाची ती विनोदी, तासाभराची ती नाट्य. मालिकावाल्यांनी विनोदी गटात राहण्यासाठी विनंती केली, ती फेटाळली गेली. त्यामुळे उझो अडूबाला ‘क्रेझी आइज’ या एकाच भूमिकेसाठी २०१४ मध्ये विनोदी मालिकेतली पाहुणी अभिनेत्री म्हणून आणि २०१५ मध्ये नाट्यमालिकेतली सहायक अभिनेत्री म्हणून एमी मिळाला. असं तिच्याआधी फक्त एड अॅस्नर या अभिनेत्याच्या बाबतीत झालं होतं. तिकडे अभिनेत्यांच्या संघटनेचे सॅग पुरस्कार २०१५, १६, १७ अशी सलग तीन वर्षं यांना विनोदी मालिका म्हणूनच मिळत राहिले. गोल्डन ग्लोबमध्ये पायपर झालेल्या टेलर शिलिंगचं पहिलं नामांकन नाट्य गटात, दुसरं विनोदी गटात. तेव्हा ‘एमीनं तिला नाट्य मानलं, म्हणजे मालिका गंभीर होत गेली’ असा निष्कर्ष काढू नका. मालिका होती तशीच होती, घड्याळ बदललं.

आणि ‘पहिल्यांदाच’ हा शब्द गाळा. स्त्रियांचा तुरुंग टीव्हीवर पहिल्यांदाच आला असं उत्साहात लिहिणारे तुम्हाला भेटतील. ऑस्ट्रेलियात ‘प्रिझनर’ १९७९ ते १९८६ चालली, ६९२ भाग. तिचाच नवा अवतार ‘वेंटवर्थ’ मे २०१३ मध्ये सुरू झाला, म्हणजे लिचफील्डच्या दोन महिने आधी. ब्रिटनची ‘बॅड गर्ल्स’ १९९९ ची. याच मालिकेतली लॅव्हर्न कॉक्स अभिनयाच्या एमीसाठी नामांकन मिळालेली पहिली उघडपणे ट्रान्स व्यक्ती ठरली, २०१४ मध्ये, हे मात्र खरंखुरं पहिलं आहे. ते बिनधास्त लिहा.

गाइडबद्दल विचाराल, तर माझं मत कडवट आहे. ‘छान चाललंय, लिहीत राहा’ म्हणणारा गाइड सगळ्यात महाग पडतो. आमच्या मॅडम प्रकरण दोन दोन महिने अडवून बसायच्या, मेसेजला उत्तर नाही, आणि मग एक पेन्सिलची रेघ. त्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते इथे लिहिता येणार नाही. पण तुमचा तक्ता उघडून एका ओळीवर बोट ठेवणारं माणूस मिळालं तर त्यांच्या दारात बसून राहा. नाहीच मिळालं तरी घाबरू नका. वर्गातल्या मैत्रिणीला कोणत्याही तीन ओळी निवडायला सांगा आणि ‘यानं काय बघून लिहिलं?’ एवढंच विचारायला लावा. तेवढ्यानंही भागतं.

‘परदेशी मालिकाच का?’ हे व्हायवात विचारतात, मलाही विचारलं. आपल्याकडे नेटफ्लिक्स आलं जानेवारी २०१६ मध्ये, त्यामुळे पहिल्या तीन सीझनांवर इथून फारसं कुणी त्या त्या वेळी लिहिलेलं मला मिळालं नाही. इथलं काही जोडायचा मोह एका जागी झाला. पाचवा सीझन, तुरुंगातल्या दंग्याचे तीन दिवस तेरा भागांत ताणणारा आणि समीक्षकांत बरावाईट ठरलेला, ९ जून २०१७ ला आला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी बाईच्या मृत्यूनंतर बाकीच्या बायका पेटून उठल्या, काही जणी छतावर चढल्या. मी त्यावर चार पानं लिहिली. मग काढून टाकली. त्या बायका कुठल्याही मालिकेचा पाचवा सीझन नव्हत्या, आणि माझा विषय समीक्षा हा होता. ती पानं अजून एका फाइलमध्ये पडून आहेत.

तक्त्यातल्या एका ओळीपुढे मात्र ‘किती भाग?’ हा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला. कुठे तळटीप नाही, कुठे प्रसंगाचा धागा नाही. शेवटी त्या समीक्षकालाच ईमेल केला. उत्तर आलं आठ महिन्यांनी, माझी प्रबंधिका बांधून ग्रंथालयात गेल्यावर. लिहिलं होतं, बहुतेक सहा, पण आता नीट आठवत नाही.