पॅलेटच्या साइटवरचा निळा आणि पत्रिकेवरचा निळा

निपाणी-खानापूरकडची नवी मुलं बेळगावात डिझाइनच्या कामाला लागली की पहिला प्रश्न ठरलेला: रंगांसाठी साइट कुठली चांगली? कूलर्स बघा, अडोबी कलर बघा, कलर हंट बघा, स्क्रीनवर सगळ्याच छान. कूलर्सवर स्पेसबार दाबत बसलं की नवे रंग येत राहतात आणि दुपार कधी गेली कळत नाही. कलर हंटवर लोकांनी पसंत केलेले चार-चार रंगांचे संच, म्हणजे पॅलेट, आयते मिळतात, म्हणून तर एकाच गल्लीतले तीन लोगो भावंडांसारखे दिसतात! माझं विचाराल तर अडोबी कलरचं चक्र आधी फिरवून बघा. कुठला रंग कुणासमोर का खुलतो, ते तिथं कळतं.

आता खरी मेख. हेक्स कोड म्हणजे स्क्रीनवरच्या रंगाचा सहा अक्षरी नंबर. त्याच्याशेजारी या साइट सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शाईंचे, टक्क्यांतले आकडे दाखवतात ना, ते बऱ्याचदा नुसत्या सूत्रानं काढलेले असतात. कागद कुठला, शाई कुठली, मशीन कुठलं, याचा त्यात विचारच नसतो. मला याची अद्दल एका लग्नपत्रिकेनं घडवली. कोड होता ००००एफएफ, एकदम कडक निळा. सूत्रानं त्याचे होतात सायन १००, मॅजेंटा १००. छापून आला जांभळा. मुलीकडच्यांनी गठ्ठा सोडला आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिले. निळा निळाच हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० नं खाली ठेवा. भडक पोपटी, निऑन गुलाबी तर चार शाईंत बसतच नाहीत. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

काळ्याचा घोळ वेगळा. फोटोशॉपच्या अमेरिकन डिफॉल्ट सेटिंगवर आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातला, काळा सीएमवायकेत नेला की ७५, ६८, ६७, ९० होतो. म्हणजे पत्त्याची बारीक ओळ चार प्लेटांतून, दर शाईच्या एकेका प्लेटेतून, जाणार. एक प्लेट केसभर सरकली की एका अनुस्वाराचे दोन होतात, रफार भरून जातो. बारीक मजकूर के १०० मध्येच, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, ठेवा, बाकी तिन्ही शून्य. हे मला कुठल्या क्लासात नाही, मशीनवरच्या काकांकडून कळलं. फी भरून पॅलेट शिकवणाऱ्यांपेक्षा त्यांना चहा पाजा.

एवढं वाचून घाबरू नका, दोन-चार कामांत हात बसतो.

पाट्यांचं मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायचं म्हटल्यावर अक्षर बारीक होणारच. त्यात भगव्यावर पांढरं लिहायची आपली हौस! एफएफ९९३३ या भगव्यावर पांढऱ्याचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षराचा उठाव, जेमतेम २.१ भरतं. वेबसाठी डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून केलेले नियम, साध्या मजकुराला ४.५ मागतं, मोठ्या अक्षरांना ३. पाटीला तो नियम लागू नाही, पण अंदाजाला चालतो. त्याच भगव्यावर काळं लिहिलं की साडेनऊच्या वर जातं. WebAIM या साइटचा कॉन्ट्रास्ट चेकर फुकट आहे, दोन कोड टाकले की आकडा हातात. हे न बघता पॅलेट ‘फायनल’ म्हणू नका.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘ओके’वर प्लेट काढायला देऊ नका. त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना छाप, काढा, गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर उन्हात नेऊन दाखवा आणि त्या प्रूफवरच सही घ्या.