मूल ‘हे म्हणजे ते’ कसं शिकतं आणि घरी आपण काय करायचं

नर्सरीची ॲडमिशन झाली की घराघरात एकच घाई सुरू होते, आमचं पोरगं अजून क ख ग काढत नाही आणि शेजारचं तर शंभरपर्यंत घडाघडा म्हणतंय. म्हणू दे की. म्हणता येणं वेगळं आणि समोरचं चिन्ह कशासाठी आहे हे कळणं वेगळं. ‘भूभू’ हा शब्द, मोबाईलमधला आजीचा फोटो, दारातली रांगोळी, पाटीवरचा ‘क’, या सगळ्यात काम एकच असतं, डोळ्यापुढे एक वस्तू आणि मनात दुसरीच. हे साधारण नऊ महिन्यांपासून सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू जमत जातं आणि अक्षरांचा नंबर त्यात बराच उशिरा लागतो. आधीचं पक्कं व्हायला घरात काय काय करता येईल ते क्रमाने लिहितेय, खर्च जवळपास शून्य.

१. बोट आणि बोबडे शब्द (दीड वर्षापर्यंत)

वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवायला लागतं, आणि प्रत्येक वेळी त्याला ती वस्तू हवीच असते असं नाही, कितीदा तरी नुसतं ‘बघ ना’ असतं ते. अशा वेळी ते जिथे बघतंय तिथे आपण बघायचं आणि त्याच वस्तूचं नाव घ्यायचं. ते कावळ्याकडे बोट करतंय आणि आपण त्याचं तोंड वळवून ‘हे बघ फूल’ म्हणतोय, हे टाळा.

भूभू, हम्मा, मंमं, भुर्र, जोजो हे आजीचे शब्द बंद करावेत का? मला विचाराल तर अजिबात नको. त्यातल्या बऱ्याच शब्दांत त्या प्राण्याचा किंवा वस्तूचा आवाजच आहे, त्यामुळे मुलाला धरायला काहीतरी मिळतं. फक्त लगेच मोठ्यांचा शब्द जोडायचा, ‘हो रे, भूभू! कुत्रा आला बघ.’ टाटा करणं, ‘संपलं’ म्हणून हात पालथे करणं हीसुद्धा चिन्हंच आहेत, आणि तोंडाने शब्द यायच्या आधी हाताने येतात.

एक मात्र लक्षात ठेवा. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, खोटं खोटं खेळणं अजिबात नसेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे नातेवाइकांचं वाक्य बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवून या.

२. चित्र आणि फोटो

नऊ महिन्यांचं बाळ पुस्तकातलं केळं नखांनी उचलायला बघतं आणि आपण ओरडतो की पान फाडतंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी नेमकं हेच तपासलंय. नऊ महिन्यांची बाळं चित्राला खऱ्या वस्तूसारखं हाताळायला, पकडायला जातात, आणि दीड वर्ष ओलांडून एकोणीस महिन्यांच्या आसपास पकडणं जवळपास थांबतं आणि चित्राकडे बोट दाखवणं सुरू होतं. म्हणून सुरुवातीला जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या, आणि चित्र आणि खरी वस्तू एकत्र दाखवा, एका हातात केळं आणि दुसऱ्या हातात केळ्याचं चित्र असलेलं पुस्तक.

यासाठी मोबाईल लावून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीनसमोर बसवूच नये. परदेशातल्या नातवंडांचा आजीशी व्हिडिओ कॉल मात्र मी यात धरत नाही, कारण पलीकडचं माणूस बाळाला उत्तर देतं, कार्टून देत नाही.

३. खोटं खोटं (दीड ते तीन)

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने आपल्या मुलीची, लुसियेनची, एक नोंद ठेवलीय. ती सोळा महिन्यांची. काडेपेटीत साखळी, आणि पेटी किंचितच उघडी. बोट आत जाईना तेव्हा ती थांबली, त्या फटीकडे बघत स्वतःचं तोंड उघडलं, मग आणखी मोठं उघडलं, आणि मग फटीत बोट घालून पेटी ओढली. शब्द नाहीत म्हणून पेटी उघडण्याचा विचार तोंडानेच केला!

हे वाढवायला भातुकलीसारखं दुसरं काही नाही. आधी खरी वाटी आणि बाहुली द्या, ‘बाहुलीला मंमं दे’ म्हणा. ते रुळलं की वाटी काढून घ्या आणि झाकण द्या. मग नुसतं पान. शेवटी ओंजळच वाटी. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की काठीचा घोडा होतो कारण तिच्यावर मांड टाकता येते, पोस्टकार्डाचा घोडा लहान मुलाला जमत नाही, म्हणजे सुरुवातीला हातातल्या वस्तूने खऱ्या वस्तूसारखं काहीतरी करता यावं लागतं. मूल चमचा कानाला लावून ‘हॅलो’ म्हणालं तर ‘अगं तो चमचा आहे’ म्हणू नका, तिला माहितीये. तुम्ही फक्त पलीकडून बोला. बटण दाबलं की शिट्टी वाजणारा महागडा प्लास्टिकचा कुकर आणला तर मुलाला मानायला काय उरलं?

४. खोक्यातली खोली (अडीच ते साडेतीन)

हा घरी करून बघायचा सगळ्यात मजेशीर प्रयोग, मुळात डीलोश यांचाच, १९८७ चा.

चपलांचा खोका घ्या आणि त्यात आपल्याच खोलीची नक्कल करा. काडेपेटीचा पलंग, वर रुमालाची चादर, पुठ्ठ्याचं कपाट, जागा खऱ्या खोलीत आहेत तशाच. एकसारखी दोन खेळणी हवीत, एक मोठं एक चिमुकलं. मुलाला दोन्ही खोल्या दाखवून सांगा की छोटा अस्वल इथे जिथे लपतो, मोठा अस्वल तिथे मोठ्या खोलीत अगदी तिथेच लपतो. मग त्याच्यादेखत छोट्याला काडेपेटीमागे लपवा, खऱ्या खोलीत मोठ्याला पलंगामागे आधीच लपवून ठेवलेला असू दे, आणि म्हणा, शोध.

मूळ प्रयोगात तीन वर्षांची बहुतेक मुलं सरळ बरोबर जागी गेली. अडीच वर्षांची बहुतेक भलतीकडेच शोधत बसली. विसरली का? नाही! खोक्यापाशी परत आणून ‘छोटा कुठेय?’ विचारलं की लगेच काढून देतात, म्हणून हा दुसरा प्रश्न तुम्हीही नक्की विचारा. त्यांच्यासाठी खोका हे एक मस्त खेळणं असतं, खोलीचा नकाशा नसतो. आणखी गंमत म्हणजे त्याच मुलांना ‘या मशीनने खोली आकसून छोटी झाली’ असं पटवलं तर त्यांना सापडतं, कारण आता नक्कल उरलीच नाही, तीच खोली झाली. तीन वर्षांच्या मुलांना आधी खोक्याशी मनसोक्त खेळू दिलं तर उलट त्यांना कठीण जातं, तेव्हा प्रयोग आधी आणि खेळ मग.

मूल चुकलं तर शिकवत बसू नका, दोन-तीन महिन्यांनी परत करा. दिवाळीतला किल्ला हाही असाच नमुना आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात घ्या, अळीव पेरायला द्या, आणि ‘हा दरवाजा म्हणजे गडाचा महादरवाजा, मावळे इथून चढणार’ असं बोलत बोलत करा. नंतर खऱ्या गडावर गेलात की तोच दरवाजा त्याला शोधायला सांगा.

५. रेघोट्या

रेघोट्यांना काही महिने नावच नसतं, मग काढून झाल्यावर नाव मिळतं (‘ही बस’), आणि नंतर कधीतरी आधी ठरवून काढलं जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाने काढलेला माणूस म्हणजे एक गोल आणि गोलातूनच निघालेले पाय. पोट काढायला लावू नका, येईल. ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘याची गोष्ट सांग’ म्हणा आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहून परत वाचून दाखवा. बोललेलं कागदावर राहतं हे त्याला इथे पहिल्यांदा दिसतं.

गौरी येतात तेव्हा दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढतो, तेव्हा मुलाला हातात चिमूटभर रांगोळी द्याच. ‘कुणाचे पाय? ती कुठून आली? मग आता कुठे आहे?’ हे प्रश्न ते स्वतःच विचारेल. पाऊल वेडंवाकडं आलं तर पुसू नका.

६. अक्षरं आणि आकडे

शाळा ग म भ न पासून सुरू करेल, ठीक आहे, वळण सोपं पडतं. घरी मात्र मुलाच्या नावापासून सुरू करा, कारण ते चिन्ह कुणाचं आहे हे त्याला आधीच माहितीये. डब्यावर, चपलेच्या खणावर, चित्राच्या कोपऱ्यात नाव घाला. अक्षरं उलटी येणं सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. ‘कि’ लिहिताना आधी क काढून मग अलीकडे वेलांटीला जागा शोधणारं मूल आळशी नसतं, त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं, आपली ऱ्हस्व वेलांटीच आधी काढावी लागते.

आकड्यांत जास्त गोंधळ आहे. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि पोरं दोन्ही आकडे रोज बघतात, त्यामुळे सुरुवातीला घरी एकच लिपी ठेवा. दुसरं म्हणजे ‘त्रेसष्ट’ म्हटलं की मूल ३६ लिहितं. बरोबरच आहे की, कानावर आधी तीन आले मग साठ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरीच होती. घरी उपाय म्हणून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा. त्रेसष्ट म्हटलं की आधी सहा गठ्ठे डावीकडे, मग तीन सुट्या उजवीकडे, आणि काड्या तिथेच ठेवून प्रत्येकाखाली आकडा लिहायला सांगा. लिहून झाल्यावर ३६ च्या काड्या शेजारी मांडायला लावा, कुठला ढीग मोठा ते त्याचं तोच बोलेल.